बाराही शाबूत

बोंबल्या थांबला की घंटा वाजायची.

मोरिश्का गावात त्या वर्षी ही गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत झाली होती. नदीवर नवा पूल व्हायचा होता, त्यासाठी काठावर खांब रोवायचं यंत्र आलं होतं. रोवायचं म्हणजे ठोकायचं नव्हे. लोखंडी खांबाचं डोकं जबड्यात पकडून ते असं काही थरथरायचं, की खांब मुकाट्याने जमिनीत उतरत जायचा. आवाज इतका, की कात्रिनाच्या कोंबड्यांनी अंडी घालायचं सोडलं. गावाने त्याचं नाव बोंबल्या ठेवलं ते काही उगीच नाही. आणि रोज संध्याकाळी सहाला बोंबल्या बंद होताना, त्याची बोंब खाली खाली उतरत असताना, पार अर्ध्या किलोमीटरवरच्या चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा, दोरीला कुणाचा हात लागलेला नसताना, हलकेच टण् करायची. एकदाच.

"देव जागा आहे बाई, दुसरं काय!" असं म्हणून कात्रिना छातीवर क्रूस काढायची. तिच्या शेजारचा ओनोफ्रे गवंडी मात्र दर वेळी दारात येऊन मनोऱ्याकडे बघायचा. त्या मनोऱ्याच्या बहात्तर पायऱ्या रोज दोनदा चढणारं माणूस गावात एकच होतं, आणि ती त्याची बायको तासिया होती. चोवीस वर्षं घंटेचं काम तिच्याकडे होतं. मनोऱ्याला काही झालं तर ते पहिलं तिच्याच डोक्यावर येणार, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नव्हतं.

ओनोफ्रेने सदुसष्टी गाठली होती. अर्ध्या गावाच्या भिंती त्याच्या हातच्या. मागे मोठा भूकंप झाला तेव्हा हाच मनोरा त्याच्या बापाने सांधला होता, आणि बापाला दगड देणारा तो होता. त्यामुळे कुठला दगड आतून पोकळ आहे हे त्याला तोंडपाठ. पण गेल्या हिवाळ्यात आजारपण झालं आणि उठल्यापासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला. सूप पिताना चमचा दाढीवर सांडायचा. गाव कसलं सोडतंय! "काय मिस्त्री, बोंबल्या तुमच्या बाहीत शिरला की काय?" असं लोक विचारायचे, आणि तो हसण्यावारी न्यायचा. घरी आला की मात्र दार आपटायचा.

बोंबल्याच्या मागोमाग शहरातून दोम्निका नावाची इंजिनीअरबाई आली होती. जमीन किती हादरते ते मोजणं हे तिचं काम. तिच्याकडे दोनच डबे होते आणि नियम असा, की डबे यंत्राला सगळ्यात जवळच्या घरांत लावायचे. सगळ्यात जवळचं घर ओनोफ्रेचं, साठ पावलांवर. एक डबा त्याच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसला, दुसरा कात्रिनाच्या. दोन्हींवरचा हिरवा दिवा कधी म्हणून लाल झाला नाही. ओनोफ्रेने आपल्या समाधानासाठी खिडकीत पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. दाराशी एवढा राक्षस आरडतोय, आणि पेल्यातलं पाणी ढिम्म.

"बाई, दारातलं घर हलत नाही आणि तिकडे चर्चची घंटा हलते. हे कुठलं उफराटं शास्त्र?" त्याने विचारलं.

दोम्निकाने टेबलावर बोट ठेवलं. "काका, नाताळात तुमच्याकडे डुकराच्या पायांचं सूप थिजवून ठेवतात ना? ताटलीत लदलद हलतं ते?"

"अगं ए पोरी, उपासाच्या महिन्यात त्याचं नाव काढतेस!" चुलीपाशी बसलेली तासिया ओरडली. "पाप माझ्या स्वयंपाकघराला लागेल!"

"नाव काढते, खात नाही हो मावशी. समजा टेबलाच्या या टोकाला पाव आहे आणि त्या टोकाला ती ताटली. इथे पावाजवळ बुक्की मारली तर पाव हलेल का? नाही. तिकडे ते थिजलेलं सूप मात्र थयथयाट करेल. तुमचं घर पावावर आहे. खाली नदीची जाड वाळू, दगडगोटे, सगळं दाबून बसलेलं. आणि चर्च?"

ओनोफ्रेला उत्तर माहीत होतं. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दीडशे वर्षांपूर्वी नदीने कूस बदलली, जुनं पात्र गाळाने भरून आलं, आणि जमीनदाराने तीच फुकटची जागा देवाला दिली. आजही तिथे कबर खणायची म्हटलं की कमरेएवढ्या मातीखाली काळा, ओला, लोण्यासारखा गाळ लागायचा.

"खाली कडक गोटे, मध्ये मऊ गाळ, वर सुक्या मातीचा पातळ पापुद्रा," दोम्निका म्हणाली. "हादरा गोट्यांतून गुपचूप तिथपर्यंत जातो, गाळात शिरतो आणि आतच अडकतो. वर आपटतो, खाली आपटतो, वाढत जातो. बाहेर पडायला वाट नसते. मग तो वर उभं असेल त्याला धरतो."

तासियाने कणीक मळायचं थांबवून खिडकीबाहेर मनोऱ्याकडे पाहिलं. "मग सांगा ना तुमच्या साहेबांना! बंद करा म्हणावं तो मेला बोंबल्या."

"सांगितलं. ते म्हणतात, डबे हिरवे आहेत. चर्च नियमाच्या वर्तुळाबाहेर आहे. मला पुरावा हवा, मावशी." मग निघताना तिने ओनोफ्रेला अंगणात गाठलं. "काका, साक्षीच्या पट्ट्या घालाल?"

साक्षीची पट्टी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. भिंतीतल्या जुन्या सांध्यावर, भेगेवर, प्लास्टरची वीतभर पट्टी आडवी थापायची, पेन्सिलीने तारीख घालायची आणि वाट पाहायची. भिंत हलली की पट्टी तडकते. प्लास्टर खोटं बोलत नाही. ओनोफ्रेने दोन दिवस खपून मनोऱ्यात बारा पट्ट्या घातल्या. हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून घातल्या. तारखांचे आकडे कोंबडी नाचल्यासारखे आले, पण पट्ट्या सुरेख बसल्या. सात आणि आठ नंबरच्या पट्ट्या जिन्यात, बापाने सांधलेल्या दगडावर होत्या.

"एक जरी तडकली तरी मला फोन करा," दोम्निका जाताना ओनोफ्रेला कुंपणापाशी म्हणाली. "त्या मिनिटाला बोंबल्या बंद. तो अधिकार माझ्याकडे आहे." मग तासिया बाहेर आली तशी ती दोघांना म्हणाली, "आणि एक लक्षात ठेवा. यंत्र जोरात चालू असतं तेव्हा त्याची थरथर इतकी भरभर असते, की मनोऱ्याला तिची लय साधत नाही. झोपाळ्याला भराभरा टिचक्या मारल्या तर तो हलतो का? पण बंद होताना यंत्र हळू हळू होत जातं, आणि जाता जाता मनोऱ्याची स्वतःची लय त्याला सापडते. घंटा वाजते ती तेव्हाच. म्हणून यंत्र बंद होताना मनोऱ्यात कुणीही नको. तुम्ही तर मुळीच नको, मावशी."

"सहाला मी वर नसेन," तासिया म्हणाली, आणि तिने तो शब्द पाळला.

मग रोज सकाळी नऊला ओनोफ्रे मनोऱ्यात जायचा, बारा पट्ट्यांवर अंगठा फिरवायचा आणि वहीत लिहायचा, 'बाराही शाबूत.' परत येताना यंत्रासमोर उभा राहून टोपी काढायचा आणि दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे हलवायचा. थांबव, लेका, थांबव! वर काचेच्या खोलीत ग्रिगुत्सा बसलेला असायचा, कानावर जाड गोळे चढवलेला, मिशीवाला, ढेरपोट्या माणूस. तो छातीवर हात ठेवून लवून मुजरा करायचा आणि दात काढायचा. हा खेळ रोजचाच झाला होता. वाईट नव्हता तो ग्रिगुत्सा, आपलं काम करत होता.

खजुराच्या फांद्यांऐवजी आमच्याकडे वाळुंजीच्या फांद्या चर्चमध्ये आणतात, तो रविवार झाला आणि ईस्टरचा आठवडा लागला. या आठवड्यात गावात एकही भिंत मळकी राहत नाही. बायका बादल्या घेऊन चर्चमध्ये शिरल्या. ओनोफ्रेने तासियाला बजावलं, "पट्ट्यांना चुना लावायचा नाही. एकालाही हात लावू द्यायचा नाही. त्या नीट राहिल्या पाहिजेत, कळलं?"

"कळलं हो मिस्त्री, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सोमवारी संध्याकाळी कुंपणाच्या पलीकडून त्याने कात्रिनाचा आवाज ऐकला. "तासे, राग नको मानू हं, पण तुझ्या नवऱ्याचा हात गेला बरं का. आज जिन्यात..." पुढचं तासियाने बोलूच दिलं नाही. तिने कात्रिनाला अशी काही फैलावर घेतली, की कात्रिना बादली तिथेच टाकून घरात पळाली. ओनोफ्रे घरात येऊन आपल्या हाताकडे बघत बसला. आता बायकाही माझ्या हाताला हसतात, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने कुणाला काही विचारलं नाही.

त्या आठवड्यात त्याची छोटी थापी हरवली. सगळं घर पालथं घातलं. "कात्रिनाचा जावई घेऊन गेला असणार, चोरटा मेला," तो धुसफुसला. "मिळेल हो कुठेतरी," तासिया म्हणाली. ती रोज पहाटेच, फडक्याने झाकलेलं भांडं घेऊन चर्चला जायची. मेणबत्त्यांच्या स्टँडवरचं मेण काढायचंय म्हणाली. ईस्टर जवळ आला की बायकांना हजार कामं असतात.

आणि पट्ट्या? बाराही शाबूत. बुधवारी घंटा दोनदा वाजली, टण् टण्, तरी बाराही शाबूत. त्याने दोम्निकाला फोन केला.

"घंटा दोनदा, आणि पट्टी एकही नाही?" पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "मग माझंच चुकत असेल, काका. चुकलं तर बरंच आहे." पण तिच्या आवाजात बरं वाटल्याची खूण नव्हती.

गुरुवारी रिवाजाप्रमाणे घंटा बांधल्या. देव क्रूसावर असताना घंटा वाजवत नाहीत. तासियाने वर जाऊन लोलकांना फडकी गुंडाळली, आणि पाद्री विसारियन अंगणात लाकडी फळी बडवू लागले. त्या संध्याकाळी बोंबल्या थांबला तेव्हा काहीच वाजलं नाही. लोकांना हायसं वाटलं. ग्रिगुत्सा खाली उतरून ओनोफ्रेला म्हणाला, "बघा काका, घंटाही माझ्यावर रागवायची थांबली! आता तुम्ही पण टोपी घाला." ओनोफ्रेलाही क्षणभर तसंच वाटलं. जो आवाज आपल्याला सावध करत होता त्याच्या तोंडात आपणच बोळा कोंबलाय, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. शुक्रवारी काम बंद होतं. ते भरून काढायला शनिवारी बोंबल्या सकाळी सातपासून ओरडत होता.

शनिवारी दुपारी साडेतीनला तासियाने ओव्हनमधून गोड पाव काढले, लाल अंडी टोपलीत मांडली आणि डोक्याला रुमाल बांधला.

"कुठे निघालीस?"

"घंटा सोडायला. रात्री प्रभू उठल्याची घंटा द्यायची ना, की तुमच्या बोंबल्याला सांगू वाजवायला?"

"सहाच्या आत खाली ये."

"पाचला घरी येते. वर जाळी झालीत, तेवढी झाडते. आणि त्या पावाला हात लावाल तर बघा! मोजून ठेवलेत." दारातून ती मागे वळली, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि गेली. फोन नेहमीप्रमाणे फडताळावर विसरली.

ओनोफ्रे पावाच्या वासाने घरात दोन चकरा मारून आला. मग रात्री न्यायची मेणबत्ती शोधायला त्याने तासियाची चर्चची पिशवी उघडली. आत झाकलेलं भांडं होतं. फडकं काढलं, तर मेण नव्हतं. भांड्याच्या तळाशी पांढरं प्लास्टर थिजलेलं होतं आणि त्यात त्याची छोटी थापी होती.

पहिल्यांदा त्याला रागच आला. चार दिवस कात्रिनाच्या जावयाला शिव्या घातल्या, आणि थापी घरात! मग भांड्याखाली पिठाच्या पुडक्याचा कागद दिसला. कागदावर पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या. एकच तारीख, वीस-पंचवीस वेळा. त्याच्या पट्ट्यांवरची. पहिल्या ओळी तासियाच्या सरळ, नीट अक्षरात. मग पुढे पुढे आकडे वाकडे होत गेले, थरथरत गेले, आणि शेवटच्या ओळीत ते हुबेहूब त्याच्या हातचे झाले होते.

तो खाली बसला. सोमवारपासून पट्ट्या तडकत होत्या. कात्रिनाने पाहिल्या, हसली. आणि या बाईला वाटलं, नवऱ्याच्या हाताचं प्लास्टर धरत नाही. त्याला कळलं तर तो मोडून पडेल. म्हणून ही रोज पहाटे जाऊन तडकलेली पट्टी खरवडायची, नवी घालायची, वर त्याच्यासारखे थरथरते आकडे काढायची. चार दिवस. आणि तो येऊन अंगठा फिरवायचा, बाराही शाबूत. 'त्या नीट राहिल्या पाहिजेत' असं त्यानेच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. पट्टी मोडण्यासाठीच घालतात हे गवंड्याच्या बायकोला वेगळं काय सांगायचं, असं त्याला वाटलं होतं.

"अगं वेडे," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "अगं वेडे बाई."

मग तो उठला आणि त्याने दोम्निकाला फोन लावला. "बाई, तडकल्यात! सोमवारपासून तडकतायत, आठवडाभर, सगळ्या! माझ्या बायकोने बुजवल्या. बंद करा, आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"आत्ता," दोम्निका म्हणाली. "या मिनिटाला." आणि फोन ठेवला.

ओनोफ्रेने मोठा श्वास सोडला. झालं एकदाचं. त्याला अगदी जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. घड्याळात चार वाजले होते. सहाची वाट बघायला नको. बोंबल्या आत्ताच थांबेल.

आत्ता थांबेल.

त्याची नजर खुंटीवर गेली. तासियाची शाल तिथे नव्हती. त्याने परत फोन लावला. बोटं तीनदा चुकली. चौथ्यांदा लागला तर पलीकडे गुंतलेला. दोम्निका बोलत होती, आणि कुणाशी बोलत होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो अनवाणी बाहेर धावला. साठ पावलं. चर्चपर्यंत पोचणं शक्य नव्हतं, पण ही साठ पावलं होती. बोंबल्या पूर्ण जोरात ओरडत होता, खांब अर्धा जमिनीत होता. काचेत ग्रिगुत्सा मान वाकवून वायरलेसवर काही ऐकत होता.

"थांबवू नको!" ओनोफ्रे घसा फोडून ओरडला. "चालू ठेव! ग्रिगुत्सा, चालू ठेव रे बाबा, ती वर आहे!"

त्या गदारोळात स्वतःचा आवाज त्याचा त्यालाही ऐकू येईना. त्याने टोपी काढली आणि दोन्ही हात डोक्यावर जिवाच्या आकांताने हलवले. नको! नको! नको! दुसरी कुठली खूण त्याला सुचलीच नाही. रोज याच जागी, हेच हात, असेच हलवले होते.

ग्रिगुत्साने वर पाहिलं. या खेपेला त्याने दात काढले नाहीत. त्याने छातीवर हात ठेवला, समजूतदारपणे मान हलवली, आणि दांडा मागे ओढला.

बोंबल्याची बोंब उतरायला लागली. आधी किंचाळी होती, तिची गुरगुर झाली, मग एकेक धक्का वेगळा मोजता येईल इतकी ती मंद झाली. ओनोफ्रेच्या तळव्यांखाली जमीन दगडासारखी स्वस्थ होती. त्याने मनोऱ्याकडे पाहिलं. वरच्या खिडकीत रुमालाचा ठिपका दिसत होता. तिने त्याला पाहिलं असावं, कारण तिने हात केला.

मग घंटा वाजली. फडकी सुटलेली होती, त्यामुळे पूर्ण, भरल्या गळ्याने वाजली. टण्. पुन्हा टण्. तीन. चार.

गावात दारं उघडली. ग्रिगुत्सा कानावरचे गोळे काढत शिडीवरून खाली आला. "घ्या काका, केला बंद! झालं का समाधान? आणि हे काय, घंटा आत्ताच? रात्री वाजते ना ती?" त्याने घाईघाईने क्रूस काढला.

ओनोफ्रे मोजत होता. सात. आठ. नववा ठोका अर्धाच आला. मनोरा कमरेत, बापाने सांधलेल्या जागी, जरासा बसला, आणि मग सगळाच्या सगळा स्वतःच्या आत उतरत गेला. आवाज नंतर पोचला. आधी नुसती धूळ दिसली, चुन्याची, पांढरी, याच आठवड्यात बायकांनी लावलेली.

पाच वाजून गेल्यावर लोकांनी त्याला धरून घरी आणलं. टेबलावर पाव होते, मोजून ठेवलेले. भिंतीवरच्या डब्याचा दिवा हिरवा होता. खिडकीतला पेला काठोकाठ भरलेला होता आणि त्यातला एक थेंबही बाहेर सांडला नव्हता.